गिनी मुशीत टाकण्याआधी तिच्यावरचे साल वाचा

मालवण, वेंगुर्ले, देवगड, खारेपाटण या पट्ट्यातल्या जुन्या घरांतून सोन्याची नाणी अजूनही निघतात. कुणाचा आजा बोटीवर खलाशी होता, कुणी आफ्रिकेत दुकान चालवले, कुणी आखातात नोकरी केली. घरी परतताना कमाईतली चार सोन्याची नाणी कमरेला बांधून आणायची आणि पेटीच्या तळाशी ठेवून द्यायची, अशी चाल होती. नाणे लपवायला सोपे, मोजायला सोपे आणि अडीअडचणीला मोडायला सोपे. मोडायची वेळ आली की ते सोनाराच्या काट्यावर चढते आणि संध्याकाळपर्यंत मुशीत पडते.

आमचा धंदा कापडाचा. नाण्यांचा नाद फावल्या वेळचा. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसते. दोन ताग्यांचे सूत एक, पन्हा एक, वजन एक, आणि तरी एकाला दाम जास्त मिळतो. कारण त्याच्या काठावर कोणत्या मिलचा छाप आहे हे गिऱ्हाईक वाचते. नाण्याचेही तसेच आहे. त्याची एक किंमत सोन्याची. ती रोज सकाळी सराफबाजारात ठरते आणि सर्वांना ठाऊक असते. दुसरी किंमत त्याच्यावरच्या सालाची आणि टांकसाळीच्या खुणेची. ही दुसरी किंमत कधी शून्य असते, कधी सोन्याच्या अनेक पट. ती आहे की नाही हे पाहिल्यावाचून नाणे वितळवणे म्हणजे ताग्याचा छाप न वाचता तो चिंध्यांच्या भावात देण्यासारखे आहे.

ही दुसरी किंमत कशी तयार होते हे समजायला अमेरिकेच्या सोन्याच्या नाण्यांसारखे दुसरे उदाहरण नाही. ते आधी पाहू, मग आपल्या पेटीकडे वळू.

रूझवेल्टची नाणी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अडीच, पाच, दहा आणि वीस डॉलर अशी चार सोन्याची नाणी चालत. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना आपल्या देशाची नाणी दिसायला सुमार वाटत. त्यांनी ऑगस्टस सेंट-गॉडन्स या नामांकित शिल्पकाराला दहा आणि वीस डॉलरच्या नाण्यांचे नवे नमुने करायला सांगितले. वीस डॉलरच्या नाण्यावर एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात ऑलिव्हची डहाळी घेऊन पुढे येणारी स्वातंत्र्यदेवता आहे, मागे उगवत्या सूर्यावरून उडणारा गरुड. वजन ३३.४४ ग्रॅम, म्हणजे पावणेतीन तोळ्यांहून थोडे अधिक. त्यात सोने ९०० टंच.

शिल्पकार ऑगस्ट १९०७ मध्ये वारले. त्याच वर्षी पहिली नाणी निघाली. नक्षीचा उठाव इतका होता की एकेका नाण्याला यंत्राचे अनेक ठोके द्यावे लागत, आणि बँकवाल्यांची तक्रार अशी की नाणी एकावर एक नीट रचताच येत नाहीत. सुमारे १२ हजार नाण्यांनंतर टांकसाळीने उठाव कमी केला. नजरेला भरणारा पण गठ्ठ्यात न बसणारा माल बाजारात टिकत नाही, हे आपल्या बांधवांना वेगळे सांगायला नको. आज ती १२ हजार नाणीच संग्राहक शोधत असतात.

आणखी एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. १९०७ च्या या नाण्यांवर ‘ईश्वरावर आमचा भरवसा आहे’ हे अमेरिकेचे बोधवाक्य घातलेले नाही. पैसा भल्याबुऱ्या सगळ्या हातांतून फिरतो, त्यावर ईश्वराचे नाव घालणे रूझवेल्ट यांना बेअदबीचे वाटे. लोकांना ते पटले नाही आणि १९०८ साली तिथल्या संसदेने ते वाक्य परत घालायला लावले. म्हणून १९०८ च्या नाण्यांत वाक्य असलेले आणि नसलेले असे दोन प्रकार सापडतात.

एका अक्षराचा फरक

अमेरिकेत तेव्हा नाणी पाडणाऱ्या टांकसाळी अनेक होत्या. फिलाडेल्फियाच्या नाण्यावर खूण नसे. सॅन फ्रान्सिस्कोच्या नाण्यावर इंग्रजी ‘एस’, डेन्व्हरच्या नाण्यावर ‘डी’. डोळ्याला जेमतेम दिसेल असे हे अक्षर.

१९२७ सालचे वीस डॉलरचे नाणे घ्या. फिलाडेल्फियाने त्या साली २९ लाखांहून अधिक नाणी पाडली. ती आजही मिळतात आणि साधारण सोन्याच्या भावाच्या थोडी वर विकली जातात. त्याच साली डेन्व्हरने १ लाख ८० हजार पाडली. त्यांतली आज पंधराच्या आसपास शिल्लक आहेत आणि लिलावात एकेकाला लाखो डॉलर मोजावे लागतात. साल तेच, वजन तेच, सोने तेच. फरक सालाच्या वरच्या एका ‘डी’ अक्षराचा. अडीच डॉलरच्या लहान नाण्यांतही १९११ चे ‘डी’ खुणेचे नाणे असेच अवघड. ते ५५,६८० पडले होते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, जुने म्हणजे दुर्मिळ नव्हे. दुसरी, किती पाडली यापेक्षा किती उरली हा खरा प्रश्न. डेन्व्हरची नाणी पडली लाखांनी, पण ती बाजारात फारशी गेली नाहीत. सरकारी तिजोरीत राहिली आणि तिथेच वितळली. ती का वितळली, याची गोष्ट १९३३ सालची आहे.

सरकारने सोने परत मागितले

जागतिक मंदीत बँका बुडत होत्या. ५ एप्रिल १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट (पहिल्या रूझवेल्टचे दूरचे नातलग) यांनी हुकूम काढला की लोकांनी आपल्याकडचे सोने १ मेपर्यंत बँकेत जमा करावे. माणशी १०० डॉलरपर्यंतची नाणी ठेवायला मुभा होती, आणि संग्राहकांच्या दुर्मिळ नाण्यांना सूट होती. बाकीची नाणी गोळा होऊन वितळली गेली आणि त्यांच्या लगडी झाल्या. १९३४ च्या जानेवारीत सोन्याचा सरकारी भाव औंसाला २०.६७ डॉलरवरून ३५ डॉलर झाला. ज्यांनी आधी नाणी भरली त्यांच्या पदरात जुना भाव पडला. अमेरिकन नागरिकाला सोने मोकळेपणी बाळगायला १९७४ चा डिसेंबर संपावा लागला.

जी नाणी वाचली त्यांतली पुष्कळ परदेशात होती. व्यापाराच्या देण्याघेण्यात युरोपातल्या बँकांकडे गेलेल्या थैल्या तिथेच पडून राहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू परत आल्या. १९२४ चे वीस डॉलरचे नाणे आज सहज मिळते त्याचे हे एक कारण.

१९३३ सालची म्हणून ४,४५,५०० नाणी पडली होती. ती बाजारात सोडलीच नाहीत, पुढे ती वितळवली. दोन नाणी तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी ठेवली. काही मात्र टांकसाळीतून गुपचूप बाहेर पडली. त्यांतले एक १९४४ साली मिसरचे बादशहा फारूक यांच्या संग्रहात पोहोचले, आणि ते नेण्यासाठी अमेरिकन सरकारच्याच खात्याने निर्यातीचा परवाना दिला. १९५२ मध्ये फारूक यांची गादी गेली. १९५४ मध्ये कैरोत त्यांच्या संग्रहाचा लिलाव झाला तेव्हा अमेरिकेने हे नाणे परत मागितले. ते लिलावातून काढले गेले आणि दिसेनासे झाले. १९९६ मध्ये ते न्यूयॉर्कला पकडले गेले. दाव्यात तडजोड झाली आणि २००२ साली त्याचा लिलाव होऊन ७५ लाख ९० हजार डॉलर आले. वर आणखी २० डॉलर घेतले गेले, कारण नाणे सरकारने कधी चलनात दिलेलेच नव्हते, त्याची दर्शनी किंमत भरायची राहिली होती! २०२१ साली तेच नाणे १ कोटी ८९ लाख डॉलरला गेले, म्हणजे त्या वेळच्या दराने १३५ कोटी रुपयांच्या वर.

आता दुसरी बाजू पाहा. याच सालची आणखी दहा नाणी फिलाडेल्फियातल्या एका जवाहिऱ्याच्या वारसांना तिजोरीत सापडली. त्यांनी ती तपासणीला दिली आणि सरकारने ठेवून घेतली. वर्षानुवर्षे खटला चालला आणि २०१६ मध्ये अपिलातही निकाल सरकारच्याच बाजूने लागला. फारूक यांच्या नाण्यापाशी परवान्याचा एक कागद होता, या दहांपाशी नव्हता. नाणे एकच, पण कागदावाचून त्याची किंमत मालकाच्या हाती शून्य.

आपल्याकडे काय झाले

आपल्या किनाऱ्यावर सोन्याचे परदेशी नाणे नवे नाही. बायकांच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांवरून आली. त्या नाण्यांवर माणसांच्या आकृती, म्हणून ती पुतळी. पुढे इंग्रजी सॉव्हरिन आले, त्याला आपण गिनी म्हणू लागलो आणि २२ कॅरेटच्या सोन्याला गिनी सोने. १८९९ पासून हे नाणे हिंदुस्थानात १५ रुपयांना कायदेशीर चालत असे. वजन ७.९९ ग्रॅम, त्यात शुद्ध सोने ७.३२ ग्रॅम.

पहिल्या महायुद्धात दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतले सोने लंडनला नेणे धोक्याचे झाले आणि इकडे चांदीच्या रुपयाचा तुटवडा पडला. तेव्हा १९१८ साली मुंबईच्या टांकसाळीने आधी १५ रुपयांची सोन्याची मोहर पाडली, सुमारे २१ लाख. मग ऑगस्ट १९१८ पासून तिथेच सॉव्हरिन पाडायला सुरुवात झाली, ती सुमारे १३ लाख. पुढच्या वर्षी हे काम बंद झाले. मुंबईत सॉव्हरिन पडले ते या एकाच सालाचे. त्याची खूण इंग्रजी ‘आय’, म्हणजे एक बारीक उभी रेघ. घोडेस्वाराच्या बाजूला जमिनीच्या रेघेवर, सालाच्या बरोबर वर, मधोमध ती पाहावी. त्याच जागी ‘एम’ असेल तर नाणे मेलबर्नचे, ‘एस’ सिडनीचे, ‘पी’ पर्थचे, ‘एसए’ दक्षिण आफ्रिकेचे. खूण नसेल तर बहुधा लंडनचे.

मुंबईच्या सॉव्हरिनला सोन्यापेक्षा थोडे अधिक मिळते. मोहरेला पुष्कळ अधिक, कारण तिच्यावर मुशीचा घाला जास्त पडला.

ती वितळण्याची कारणेही अमेरिकेसारखीच आहेत. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सोन्याचे परिमाण सोडले आणि सोन्याचा भाव चढला. मंदीने पिचलेल्या शेतकऱ्याने आणि लहान व्यापाऱ्याने घरातले सोने विकले, आणि मुंबई बंदरातून ते बोटी भरून विलायतेला गेले. पुढे जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले, १४ कॅरेटवरचे नवे दागिने करायला बंदी झाली आणि हजारो सोनारांची चूल विझली. १९६८ च्या कायद्याने हे नियंत्रण आणखी पक्के केले. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला. मधल्या काळात लोकांनी चौकशीच्या धास्तीने नाणी मोडली किंवा त्यांचे दागिने करून घेतले.

अमेरिकन टांकसाळीचे सोने मुंबईत वितळल्याचीही एक कथा आहे. सौदी अरबस्तानला तेलाचा मोबदला सोन्यात हवा होता. म्हणून फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने आरामको कंपनीसाठी १९४५ मध्ये चार सॉव्हरिनच्या वजनाच्या ९१,२१० चकत्या आणि १९४७ मध्ये एका सॉव्हरिनच्या वजनाच्या १,२१,३६४ चकत्या पाडल्या. त्यांवर अमेरिकेचा गरुड आणि वजन-टंचाचा मजकूर आहे. मुंबईत सोन्याचा भाव चढा होता, तेव्हा त्यांतल्या पुष्कळ इकडे येऊन वितळल्या, असे नाण्यांचे जाणकार सांगतात. आखातातून आलेल्या जुन्या सामानात अशी चकती दिसली तर तिला बिल्ला समजू नये.

अडीच ग्रॅमचा हिशेब

काही वर्षांपूर्वी लग्नाचे कापड घ्यायला आमच्याकडे एक बाई आल्या. खर्चासाठी सासूच्या पेटीतले एक मोठे नाणे विकायचे होते. सासरे बोटीवर होते, नाणे सासूबाईंच्या मेहरातले. एका दुकानाने ‘हे मेडल आहे, १८ कॅरेट धरू’ असे सांगितले होते. आम्ही पाहिले: पिसांचा मुकुट घातलेला चेहरा, मागे उभा गरुड, साल १९२६, टांकसाळीची खूण नाही. कडेला रेघा नव्हत्या, बारीक तारे होते, मोजले तर ४८. वजन १६.७ ग्रॅम. अमेरिकेचे दहा डॉलरचे नाणे जसे असावे तसेच.

साल दुर्मिळ नव्हते, त्यामुळे कोटींची गोष्टच नाही. पण १६.७२ ग्रॅमला ९०० टंच लावले तर शुद्ध सोने १५.०५ ग्रॅम होते. १८ कॅरेट धरले असते तर साडेबारा ग्रॅम. अडीच ग्रॅम सोने एका शब्दावर जात होते. बाईंनी ते दुसरीकडे पूर्ण टंचाने विकले. विकू नका असे आम्ही म्हटले नाही. लग्न पुढ्यात होते आणि नाणे अशाच वेळेसाठी ठेवलेले असते.

नाण्याच्या माहितीचा बहुतेक घरांना होणारा फायदा हाच आहे. नशीब उघडणारे नाणे हजारांत एक. पूर्ण टंचाचा दाम मात्र प्रत्येक नाण्याचा हक्क आहे.

पारख कशी करावी

आधी वजन आणि माप. अमेरिकेची नाणी ३३.४४, १६.७२, ८.३६ आणि ४.१८ ग्रॅमची, सॉव्हरिन ७.९९ ग्रॅमचे. झिजेमुळे किंचित कमी भरेल, जास्त भरणार नाही. जास्त भरले तर शंका घ्यावी. वीस डॉलरचे नाणे ३४ मिलिमीटर रुंद, सॉव्हरिन २२ मिलिमीटर.

मग पाण्याचा काटा. नाणे दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवून तोलावे. वीस डॉलरचे असल नाणे पाण्यात सुमारे १.९४ ग्रॅम हलके होते, सॉव्हरिन सुमारे ०.४५ ग्रॅम. फार जास्त घट आली तर आत हलका धातू आहे.

एवढ्याने काम संपत नाही. बैरूतकडे पूर्वी सॉव्हरिन आणि अमेरिकन नाण्यांच्या अशा नकला झाल्या की त्यांतल्या अनेकांत सोने पुरेपूर भरते. त्या नकला सोन्याच्या फसवणुकीसाठी नव्हत्या, नाण्याला मिळणाऱ्या वरच्या दामासाठी होत्या. १९०७ च्या उंच उठावाच्या वीस डॉलरची एक प्रसिद्ध नक्कल आहे. तिच्या कारागिराने गरुडाच्या नखात ग्रीक ‘ओमेगा’ अक्षर बारीक कोरून आपली सही ठेवली. हात कसबी होता, पण कसब खोटेपणाला लावले. अशी नक्कल काटा पकडत नाही. तिथे जाणकाराची नजरच हवी. मोठ्या किमतीची अमेरिकन नाणी १९८० च्या दशकात निघालेल्या दोन तपासणी संस्थांच्या बंद डबीत, १ ते ७० च्या प्रतवारीसह विकली जातात, ती याच भीतीमुळे.

आणि नाणे चमकवू नये. चिंच, रांगोळी, तेजाब, पॉलिश काही नको. कडी झाळून गळ्यात घातलेल्या नाण्याची संग्राहकापाशी किंमत घटते, पण ती कडी तोडायलाही जाऊ नये, डाग उरतोच. कोऱ्या ताग्याला एकदा पाणी लागले की तो कोरा राहत नाही.

कायदा आणि कागद

शंभर वर्षे पुरी झालेले नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली पुरावस्तू ठरते. ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. १९१८ ची मुंबई गिनी २०१८ पासून या कक्षेत आली. ती दुबईला जास्त भावाने विकू, असा विचार कुणी करत असेल तर सोडून द्यावा. अशा नाण्यांचा धंदा करणाऱ्याला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचा परवाना लागतो. सोनार बांधवांनी याची खातरजमा करून घ्यावी.

बाहेरून सोन्याचे नाणे आणताना कस्टमला दाखवावे. प्रवाशाला दागिन्यांसाठी मिळणारी सूट नाण्याला लागू नाही. जुन्या घराचे जोते खणताना नाणी सापडली तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. ते लपवून गुपचूप वाटून घेणे हा गुन्हा होतो.

घरातल्या नाण्यांची एक यादी करावी: साल, खूण, वजन, कुणाकडून आले, कुणाचे आहे. मेहरात दिलेले नाणे त्या बाईची मालकी. तिच्या मर्जीवाचून नवऱ्याला किंवा मुलाला ते विकता येत नाही. वारसांत वाटप करतानाही ही यादी भांडण वाचवते.

ज्यांना नुसते पाहून शिकायचे आहे त्यांच्यासाठी मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय २००४ मध्ये सुरू झाले आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. संग्रह करायचा असेल तर उधारीच्या पैशाने करू नये आणि दुकानाच्या भांडवलाला हात लावू नये. साधे, खरे, पावतीचे एक नाणे दहा संशयास्पद दुर्मिळ नाण्यांपेक्षा बरे.

बाकीच्या सर्वांसाठी काम फार लहान आहे. आज रात्री पेटी उघडा, भिंग घ्या, साल आणि त्याच्या आसपासचे अक्षर एका कागदावर लिहून ठेवा. त्यानंतर नाणे विकायचे की ठेवायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. मुशीतून बाहेर आलेल्या सोन्यावर मात्र साल नसते.